मुलगा, आत्ता

आमच्या घरात दुपारच्या चहाबरोबर मुंबईच्या चित्रप्रदर्शनांच्या बातम्या वाचल्या जात. आळीतल्या इतर घरांत क्रिकेटचा स्कोअर, नाहीतर कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, असले विषय असत. आमच्याकडे काळ्या घोड्यापाशी कुणाची चित्रं लागली आहेत आणि समीक्षकाने त्यांना कसं झोडपलंय, हा विषय. मुंबईचा पेपर तेव्हा एसटीतून यायचा, घाटातले धक्के खाऊन, दुपार कलल्यावर. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, पेपर हातात पडला की पहिलं पान तसंच उलटून टाकत. देशाचं काय चाललंय याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. आतल्या पानावर कुठेतरी कोपऱ्यात कलेचं सदर असे, ते सापडलं की घसा खाकरून मोठ्याने वाचायला सुरुवात.

मामंजी रत्नागिरीतल्या एका शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. वर्षातून एकदा मुंबईला जाऊन ते दिवसभर गॅलऱ्या पालथ्या घालत आणि परत आल्यावर आठवडाभर त्याच गोष्टी सांगत. मुंबईची नवी चित्रं त्यांना कळत होती असं नाही. तसं ते कबूलही करत. "समजत नाय, पण बघवतंय," म्हणत. श्रोते आम्ही दोघी. मी जिल्हा परिषदेत कारकून होते, सुट्टीच्या दिवशी तांदूळ निवडत ऐकायची. सासूबाई, त्यांना मी आई म्हणायची, विळीवर बसून बांगडे साफ करत ऐकायच्या. पेपरात एखाद्या चित्राचा फोटो आला तर मामंजी तो विळीपर्यंत नेऊन दाखवत. "त्या बाईचा तोंड कनच्या बाजूला हाय, ता आधी सांगा," एवढीच आईंची समीक्षा. मामंजी चिडत, आणि आई बांगड्याकडे बघून हसत. मलाही हसू येई, पण सुनेने किती हसावं याची मर्यादा होती.

हे, म्हणजे माझे यजमान, बोटीवर होते. आज लिहिताना हात अडखळत नाही, पण तेव्हा आमच्या घरात या वाक्यातलं 'होते' चालत नसे. 'हे बोटीवर आहेत' असंच म्हणायचं. त्याला बांगडा आवडतो. तो चहात साखर जास्त घेतो. त्याला घोरायची सवय आहे. कुणी नियम घालून दिला नव्हता, पण आम्ही तिघं तो पाळत होतो, आणि एखादा पाहुणा चुकून 'आवडायचा' म्हणाला तर आई त्याच्या ताटात पुढचं काही वाढायच्या नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे मालवाहू बोटीवर गेले, आणि कुठल्यातरी लांबच्या समुद्रात वादळात काही खलाशी डेकवरून वाहून गेले, त्यांत हे होते. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसकडून तार आली. इंग्रजी तार मामंजींनी वाचली आणि आईंना मराठीत एकच शब्द सांगितला, बेपत्ता. आईंनी तो शब्द पकडला तो सोडलाच नाही. "पत्ता लागला नाय, येवढाच ना?" त्या म्हणाल्या. मामंजी म्हणाले, "येवढाच." त्यानंतर ज्याला त्याला आई हेच समजावून सांगत. शेजारच्या काकू मान हलवत आणि घरी जाऊन काय बोलत ते मला इथे बसून ऐकू येई.

माझे वडील माझ्या माहेराहून, नाटे गावाहून आले. ओटीवर बसले, चहा प्यायले, माझ्या भावाच्या लग्नाचं बोलले, आणि समुद्राविषयी एक अक्षर न काढता संध्याकाळच्या गाडीने परत गेले. जन्म होडीवर काढलेला माणूस. तो समुद्राविषयी बोलत नाही म्हणजे काय, ते मला कळत होतं. मी कळून घेतलं नाही. माझ्या कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि ते काढा असं सांगायची कुणाची छाती नव्हती. चैत्रात, संक्रांतीला मी हट्टाने प्रत्येक हळदीकुंकवाला जायची. चांगलं नेसून, गजरा माळून. कुंकू लावणारीचं बोट माझ्या कपाळाजवळ येऊन थांबायचं. अगदी क्षणभर, पण थांबायचं. काही घरांतून बोलावणी येईनाशी झाली. "विसरलंच गो," असं नंतर सांगायच्या. बाकी कुणालाच कशा विसरत नाहीत, असं एकीला मी तोंडावर विचारलं. तिने पुढच्या वर्षी आठवणीने बोलावलं आणि मला शेवटी कुंकू लावलं, सगळ्या गेल्यावर. ते तर जास्त लागलं.

अशी काही वर्षं गेली. मग मामंजींचा एक जुना विद्यार्थी मुंबईहून आला. मूळचा मंडणगडकडचा, शाळेसाठी रत्नागिरीत काकांकडे राहिलेला. आता मुंबईत चित्रकार म्हणून नाव झालं होतं. दाढी, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, सगळं जसं पाहिजे तसं. ज्या सदराचं आमच्याकडे पारायण चाले, त्यात त्याचं नाव दोनदा तरी आलेलं होतं, त्यामुळे मामंजींना काय करू नि काय नको असं झालं. त्याचा बेत असा होता की त्याची आणि त्याच्या मित्रांची चित्रं रत्नागिरीला आणायची आणि हॉल घेऊन प्रदर्शन भरवायचं. "आपल्या लोकांनी आजचं चित्र बघितलंच नाही, सर," तो म्हणाला. "कॅलेंडरच्या पुढे गेलंच नाही आपलं गाव." आणि मग, जरा भीत भीत, "सर, तुमचंही एक चित्र पाहिजे. नवीन. जुनं नको."

मामंजींनी आयुष्यभर कातळ, खाडी, जेटी आणि मिऱ्याचा डोंगर काढला होता. माणूस काढलाच तर पाठमोरा, मुंगीएवढा. माणसांचे चेहरे आपल्याला जमत नाहीत, असं ते विद्यार्थ्यांनाही सांगत. त्या दिवशी विद्यार्थी गेल्यावर ते आत येऊन म्हणाले, "मी त्याला काढतो."

कुणाला, ते विचारायची गरज नव्हती. आई म्हणाल्या, "फोटो देऊ?" यांचा मागच्या सुट्टीतला एक फोटो होता, स्टुडिओत काढलेला, मागे पडद्यावर तळ्यातली कमळं. मामंजींनी तो घेतला, बघितला आणि टेबलावर पालथा घातला. "ह्याच्यावरून काढला तर तो तेव्हाचाच राहील," ते म्हणाले. "मला आत्ताचा काढायचाय. आत्ता कसा दिसत असेल, तसा."

असं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मुंबईच्या कुठल्या चित्रकाराने केलं असेल तर मला माहीत नाही, त्या सदरात तरी कधी वाचलं नव्हतं. मामंजींनी पडवीत चौकट ठोकून कॅन्व्हास ताणला आणि रोज सकाळी दाढीच्या आरशासमोर उभं राहायला लागले. मुलाच्या आत्ताच्या वयात आपले केस कुठे कुठे पिकले होते, ते आठवायचे. "आमच्या घराण्यात कानाजवळचे आधी पिकतात," असं म्हणून त्यांनी यांच्या कानाजवळ पांढरं लावलं. डोळ्यांखाली थोडं सैल केलं. गळ्याशी थोडं भरलं. मला समोर पाटावर बसवून विचारत. हसला की कुठला दात आधी दिसतो? उजवी भुवई वर जाते की डावी? ओठ मिटले की सरळ राहतात की एका बाजूला ओढल्यासारखे होतात? सासऱ्याला नवऱ्याच्या ओठांचं वर्णन सांगायचं म्हणजे काय, हे ज्या बाईवर प्रसंग आलाय तिलाच कळेल. मी पदराचं टोक पिळत सांगायची. मामंजी कॅन्व्हासकडेच बघत असत, माझ्याकडे नाही, म्हणून जमलं. मग मला लाज वाटेनाशी झाली आणि न विचारलेलंही मी सांगायला लागले. झोपेतून उठले की एक डोळा उशिरा उघडतात. राग आला की नाक लाल होतं, तोंड नाही.

आई आठवडाभर पडवीकडे फिरकल्या नाहीत. मग एकदा सुपातलं तसंच ठेवून चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या. "येवढा म्हातारा केलात माझ्या पोराला?"

"म्हातारा होतोय, म्हणजे हाय ना गो तो," मामंजी म्हणाले.

आईंनी चित्र पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "मग पोट तरी जरा कमी करा. बोटीवर काय खायला मिळतंय येवढा." मामंजींनी पोट कमी केलं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते, हे मी लाज सोडून सांगते. त्या स्टुडिओतल्या फोटोत यांचं वय थांबलेलं होतं आणि माझं चाललं होतं. मला आरशात स्वतःच्या कपाळावर रेघ दिसायची आणि फोटोतला नवरा दर वर्षी मला थोडा धाकटा वाटायचा. लहान भावाकडे बघावं तशी मी त्याच्याकडे बघायला लागले होते. मामंजींनी यांना माझ्या वयाला आणून बसवलं. कामावरून घरी आले की मी आधी पडवीत जायची. आज काय वाढलंय, काय बदललंय. एकदा तर मी चित्राला म्हणाले, दमलात ना. घरात कुणी नव्हतं, म्हणून बरं.

चित्र पुरं झाल्यावर मामंजी ते चौकटीसाठी फ्रेमवाल्याकडे घेऊन गेले आणि अर्ध्या तासात काखेत मारून परत आले. रत्नागिरीत तेव्हा माणसाचा चेहरा भिंतीवर जायचा तो माणूस गेल्यावरच. देव आणि मृत माणसं, याशिवाय फ्रेमवाल्याकडे कुणी येत नसे. त्या बिचाऱ्याने चित्र बघितलं आणि सवयीने विचारलं, "गुरुजी, हारासाठी वर खिळा मारू ना?" मामंजी चित्र उचलून निघून आले. मग त्यांनीच लाकडाच्या चार पट्ट्या तासून कडेला ठोकल्या. काच नाही, काळी किनार नाही. आणि पाठीमागे दोरी अशी बांधली की चित्र भिंतीला सपाट चिकटून राहील, पुढे झुकणार नाही. पुढे झुकलेले फोटो गेलेल्यांचे असतात, म्हणाले. खाली लावायच्या चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'मुलगा, आत्ता'. चित्रावरचा रंग अजून पुरता वाळला नव्हता. आमच्याकडच्या दमट हवेत तैलरंग वाळायला महिने लागतात.

प्रदर्शनाच्या दिवशी आईंचे पाय सुजलेले होते. हॉल वरच्या मजल्यावर, जिना उभा. सूज उतरली की येते म्हणाल्या. मामंजी आणि मी रिक्षाने गेलो. मामंजींनी निवृत्तीच्या दिवशीचा कोट घातला होता आणि मी लग्नातली निळी साडी नेसले होते.

हॉल भरलेला होता, हे सांगायला हवं. मुंबईहून चित्रं आली आहेत म्हटल्यावर लोक आले होते. डॉक्टर, वकील, मामंजींचे जुने विद्यार्थी, आळीतल्या बायका, शेजारच्या काकूसुद्धा. चित्रं बघून लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. एका मोठ्या कॅन्व्हासवर नुसते हिरवट काळे डाग होते. त्याच्यापुढे काकू बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही तर आमच्या न्हाणीची भिंत गो." एका वकिलाने दाढीवाल्या विद्यार्थ्याला विचारलं की हे चित्र असं लावायचं की आडवं. विद्यार्थी म्हणाला, तुम्हाला कसं आवडेल? वकिलाला हे उत्तर कोर्टात चाललं नसतं, तसं ते इथेही पटलं नाही. मामंजी मात्र प्रत्येक चित्रापुढे हात पाठीशी बांधून उभे राहत होते आणि खुशीत होते. जन्मभर ज्याच्या बातम्या वाचल्या, ते त्यांच्या गावात, त्यांच्या हाताच्या अंतरावर आलं होतं.

यांचं चित्र समोरच्या भिंतीवर, बरोबर मधोमध होतं. विद्यार्थ्याने गुरूचा मान म्हणून ते तिथे लावलं होतं. बाकीच्या भिंतींवर डाग, रेघा, चौकोन, आणि त्या सगळ्यांत एकच माणूस, पांढऱ्या शर्टातला, कानाजवळ केस पिकलेला. चित्राखाली टेबल, टेबलावर समई. मला बघताक्षणी काहीतरी बरं वाटलं नाही, पण काय ते कळलं नाही.

विद्यार्थ्याने ठरवलं होतं की सरस्वतीची तसबीर वगैरे ठेवायची नाही. आधुनिक प्रदर्शन आहे, फक्त दिवा लावायचा आणि बघायला सुरुवात. पण हॉलच्या शिपायाला हे कुणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रम म्हटला की तो तबक आणायचा. तबकात काडेपेटी, तेल, नारळ आणि झेंडूचा हार. प्रमुख पाहुणे म्हणजे गावातले एक वजनदार गृहस्थ. पतपेढ्या, दुकानं, पाणपोया, सगळ्यांची उद्घाटनं त्यांच्याच हातून झालेली. त्यांनी समई लावली. टाळ्या झाल्या. ते वळणार तेवढ्यात शिपायाने हार त्यांच्या हातात दिला.

हार हातात आला की आपला माणूस प्रतिमा शोधतो. पाहुण्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग वर बघितलं. समोर एक चेहरा. त्यांनी सूत्रसंचालकाच्या कानाशी लागून विचारलं. सूत्रसंचालक मामंजींच्याच शाळेतला एक तरुण शिक्षक होता, भरदार आवाजाचा. त्याने चित्राकडे बघितलं, मान डोलावली आणि माइकपाशी जाऊन आवाज एकदम खाली आणला. "आता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते आपल्या आदरणीय सरांचे कैलासवासी चिरंजीव यांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण होत आहे. सर्वांनी कृपया उभं राहावं."

कैलासवासी चिरंजीव. दोन्ही शब्द त्याने एका श्वासात म्हटले आणि हॉलमध्ये एकालाही त्यात काही खटकलं नाही.

खुर्च्या सरकल्या. सगळा हॉल उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या काहींनी चपला काढल्या. पाहुण्यांनी टाचा उंचावून हार चित्राच्या वरच्या पट्टीला अडकवला, नीट दोन्ही बाजूंना सारखा केला आणि हात जोडले. मी बसलेली होते. मी वळून मागे बघितलं. मला एक चेहरा पाहिजे होता, एकच, दचकलेला. डॉक्टर, वकील, काकू, जुने विद्यार्थी, ज्यांना आई इतकी वर्षं समजावत होत्या की फक्त पत्ता लागलेला नाही, ते सगळे. कुणीही दचकलेलं नव्हतं. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि चेहऱ्यांवर खरं दुःख होतं, खोटं नाही. त्यांच्या मनात हार कधीच घालून झाला होता. ते फक्त आमच्यासाठी थांबले होते.

मी व्यासपीठाकडे बघितलं. मामंजी तिथे खुर्चीत बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. सबंध हॉलमध्ये आम्ही दोघंच बसलेलो होतो. तो दाढीवाला विद्यार्थी पांढरा फटक पडून त्यांच्याकडे धावत निघाला होता आणि मामंजींनी बोटानेच त्याला थांबवलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. ते विचारत होते असं मला वाटलं. म्हणजे मी नाही म्हटलं असतं, ओरडले असते, तर ते उठून हार ओढून काढणार होते.

पण मी उभी होते. कधी उठले ते माहीत नाही. आणि माझे हात जोडलेले होते. मी ते जोडले नव्हते, ते जोडले गेले होते, देवळात जातात तसे. मी समोर बघितलं. झेंडूच्या हारातून यांचं तोंड दिसत होतं, एका बाजूला ओढलेले ओठ, मीच सांगितलेले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ते गेले आहेत असं वाटलं. वाटलं म्हणजे कळलं. मामंजींनी माझे हात बघितले. मग तेही हळूहळू खुर्चीच्या दांड्याला धरून उठले आणि मुलाच्या चित्राकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर लोक आमच्याकडे यायला लागले. इतकी वर्षं त्यांनी तोंडात धरून ठेवलेलं सगळं त्यांना बोलायचं होतं. "फार वाईट झालं हो, गुरुजी." "काय उमदा मुलगा." "होता" हा शब्द मला किती वेळा ऐकू आला. बायकांनी माझे हात हातात घेतले. काकू तर माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि रडताना त्यांची नजर माझ्या कपाळाकडे गेली आणि लगेच खाली वळली. कुणाचा राग यावा अशी सगळी माणसं नव्हती. मला सगळ्यांचाच राग आला. प्रत्येकीचे हात झटकून टाकावेत असं वाटत होतं आणि मी प्रत्येकीला मान हलवून होय होय म्हणत होते. मामंजी नंतर चार शब्द बोलणार होते, ते बोलले. रत्नागिरीच्या कातळाचा रंग दिवसाच्या कुठल्या वेळी कसा दिसतो, याबद्दल. चित्राबद्दल नाही.

सगळे गेल्यावर विद्यार्थ्याने हार काढला. रंग ओला होता, झेंडूच्या पाकळ्या शर्टाला चिकटून राहिल्या आणि ओढल्यावर पिवळसर डाग उरले. विद्यार्थी रडत होता. "सर, मी उद्या पेपरात खुलासा देतो." मामंजी म्हणाले, "काय म्हणून देशील?" पुढे मुंबईच्या सदरात आमच्या प्रदर्शनावर दोनतीन ओळी आल्या. मामंजींच्या चित्राचं कौतुक होतं, नावासकट, आणि 'दिवंगत मुलाचे व्यक्तिचित्र' असा उल्लेख होता. मामंजींनी ते सदर त्या दिवशी मोठ्याने वाचलं नाही. आईंनी विचारलं तेव्हा सांगितलं की आज काही विशेष नाही. आईंच्या पायांची सूज प्रदर्शन संपेपर्यंत उतरली नाही, किंवा मामंजींनी ती उतरली असं म्हणू दिलं नाही. चित्र घरी आलं ते मामंजींनी डागांवरून रंग फिरवल्यावर, शर्ट निळा होऊन.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी आम्ही रिक्षाने घरी आलो. आई भिंतीला धरून धरून ओटीपर्यंत आल्या होत्या आणि दारातच उभ्या होत्या.

"काय झाला? बघितला लोकांनी त्याला?"

मामंजी खाली वाकून चपला काढत होते. वर न बघता म्हणाले, "बघितला. सगळ्यांनी बघितला."

"ओळखला?"

"ओळखला गो."

"मग? काय म्हणाले?"

मामंजी सरळ उभे राहिले. कोटाचं वरचं बटण सोडायला त्यांना वेळ लागला. "उभे राहिले," ते म्हणाले. "अख्खा हॉल उभा राहिला."

"माझ्या पोरासाठी?"

"होय. त्याच्यासाठीच."

आईंचा चेहरा असा फुलला की मला तिथे उभं राहवेना. त्यांनी देवघराच्या दिशेने हात जोडले आणि पुटपुटल्या, येईल तेव्हा त्याला सांगीन. मग माझ्याकडे वळल्या. हॉलमधल्या गर्दीत, घामाने आणि कुणाकुणाच्या खांद्यावर डोकं ठेवून माझं कुंकू पसरलं होतं. "हिच्या कपाळाचा बघा काय झालाय," त्या म्हणाल्या. "फिसकटलाय सगळा. ये गो इकडे." मी म्हटलं, लावते मी आई, तोंड धुऊन. त्यांनी ऐकलं नाही. सुजलेल्या पायांनी आत जाऊन करंडा घेऊन आल्या, पदराने माझं कपाळ पुसलं आणि बोट बुडवून चांगलं रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावलं. खुशीत होत्या ना. मी डोळे मिटून कपाळ पुढे धरलं. डोळे उघडले तेव्हा आईंच्या खांद्यावरून मला मामंजी दिसले. ते भिंतीकडे तोंड करून कोट खुंटीला लावत होते, आणि लावून झाल्यावरही तसेच उभे राहिले.

मी विधवा झाले ती त्या संध्याकाळी, आणि त्या घरात हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. कुंकू मी आई होत्या तोवर रोज लावलं. मामंजींनी माझ्या कपाळाकडे पुन्हा कधी बघितलं नाही.